वासोट्याची वाट आणि मामांचे गाव

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना एव्हाना कळून चुकले असेल की, आमच्या घरी सहलीचा बेत ठरतो तो रात्रीच्या जेवणाच्या पानावर, आणि मोडतो तो सकाळच्या चहाबरोबर. वर्षाकाठी असे दहा-बारा बेत होतात. त्यांतला एखाद-दुसरा सकाळच्या चहातून सुखरूप वाचला, तर त्याविषयी इथे लिहायला मिळते. गेल्या पौषात वासोट्याचा बेत असाच वाचला. पण तो वाचला याचे श्रेय माझे नाही, हिचे नाही, आणि ‘बाबा, सगळे जाऊन आले, आपणच राहिलो’ असे महिनाभर ऐकवणाऱ्या आमच्या कन्येचेही नाही. ते हिच्या मामांचे.

मामा डोंबिवलीला असतात. वय त्र्याहत्तर. मुंबईत महापालिकेच्या नोकरीत हयात घालवून निवृत्त झालेले. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते कार्तिकात आमच्याकडे पुण्यास आले होते आणि डोळे पक्के बरे होईपर्यंत राहिले होते. त्या रात्री पानावर वासोट्याचे नाव निघाले तशी त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला.

“कोणत्या वाटेनं जाणार? बामणोलीनं?”

“हो. लाँचनं पलीकडे आणि मग चढण.”

“मी येतो.”

हिने लगेच गुडघे, रक्तदाब, थंडी वगैरे सगळा पाढा वाचला. मामांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाले, “पोरी, डोळे नवे करून दिलेस. आता त्यांना काहीतरी जुनं दाखव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, आणि बेत मोडला नाही.

मामांचे गाव कोयनेच्या खोऱ्यातले. गावाचे नाव इथे देत नाही, कारण देऊन वाचकांना ते नकाशात सापडायचे नाही. धरणासाठी कोयनेचे खोरे रिकामे झाले तेव्हा, १९६१ साली, मामा नऊ वर्षांचे होते. अशी शंभराच्या आसपास गावे उठली. कुणाला सातारा-सांगलीकडे जमीन मिळाली, कुणाला सोलापूरकडे, कुणाला थेट घाट उतरून त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात. मामांचे वडील आधीच मुंबईत गिरणीत होते, म्हणून हे कुटुंब परळच्या चाळीत गेले. त्यानंतर मामा त्या खोऱ्यात एकदाही परत गेले नव्हते. सवड झाली नाही, असे ते म्हणत. साठ वर्षांत सवड झाली नाही, यावर आम्ही घरात कधी फारसा विचार केला नव्हता.

पहाटे चारला पुणे सोडले. साताऱ्यात चहा, मग यवतेश्वरचा घाट चढून कासचे पठार. भाद्रपदात याच पठारावर फुले पाहायला माणसांची रीघ लागते. पौषात तिथे पिवळे गवत, काळा कातळ आणि बोचरा वारा, एवढेच. चिरंजीव (इयत्ता आठवी) म्हणाले, “यासाठी लोक रांगा लावतात?” कासहून रस्ता उतरू लागला आणि एका वळणावर खाली शिवसागर दिसला. निळा म्हणावा तर हिरवट, सकाळच्या धुक्यात अर्धा झाकलेला, आणि डोंगरांच्या सोंडांमधून बोटे शिरावीत तसा आत आत शिरलेला. गाडीतली मुले ओरडली. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खिडकीची काच खाली केली.

बामणोली हे आता लाँचचे गाव आहे. किनाऱ्यावर लाँचा ओळीने उभ्या असतात, भाडे माणशी नसून सबंध लाँचेचे असते. म्हणून आमच्यासारख्या पाच जणांनी आणखी कुणी सोबतीला मिळते का ते पाहावे. आम्हांला कऱ्हाडची चार कॉलेजातली मुले मिळाली. ओळखपत्रे दाखवणे, फॉर्म भरणे, वनखात्याचे शुल्क भरणे यात तास-दीड तास जातो, तेव्हा तिथे साडेआठच्या आत पोचावे. उशिरा जाणाऱ्याला डोंगर अर्ध्यावर सोडून परतावे लागते, कारण पलीकडे मुक्कामाला परवानगी नाही.

लाँच सुटली. नावाडी पंचविशीतला, याच काठावरच्या वाडीतला. मामा त्याच्या शेजारीच जाऊन बसले. इथे सोळशी आणि कांदाटी या दोन नद्या कोयनेला मिळतात. मिळत असत, असे म्हणायला हवे. आता सारे एकच पाणी आहे.

या कोयनेची गंमत मुलांना सांगावी म्हणून मी घरून वाचून आलो होतो. महाबळेश्वरला कृष्णा आणि कोयना शेजारी शेजारी उगम पावतात. पण कोयना सह्याद्रीच्या दोन रांगांमध्ये सापडून सरळ दक्षिणेला धावते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते, आणि कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर येऊन भेटते. तोच तो प्रीतिसंगम. (इथे कऱ्हाडच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.) या वळणाच्या वर कोयनानगरला १०३ मीटर उंचीची भिंत घातली आणि पाणी अडवले. मग ते बोगद्यांतून पश्चिमेला नेऊन पोफळीकडे कोकणाच्या बाजूला खाली सोडले. त्या उडीवर १९६२ साली पहिले यंत्र फिरले आणि आज सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅटची क्षमता आहे. १९९९ साली तर धरण रिकामे न करता तळ्याच्या पोटातच स्फोट करून चौथ्या टप्प्याच्या बोगद्याला तोंड पाडले. काम झालेले पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. म्हणजे जे पाणी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराकडे जायचे, ते देशाच्या उलट्या किनाऱ्याला लागते.

“आम्हीपण तसेच,” मामा म्हणाले. “पाणी पश्चिमेला गेलं, आम्ही पण पश्चिमेला गेलो.”

मग नावाड्याने सहज विचारले, “आजोबा, गाव कुठलं तुमचं?” मामांनी नाव सांगितले. नावाड्याने मान हलवली, नाव त्याला ऐकून माहीत होते. “मग दाखवा की कुठं होतं ते. तिथून नेतो.”

आणि इथे जे झाले त्याला आम्ही कुणीच तयार नव्हतो. मामांना ते सांगता येईना.

माझ्या लग्नापासून, म्हणजे चोवीस वर्षे, मी मामांच्या तोंडून त्या गावाचे वर्णन ऐकत आलो आहे. दारातून समोर कोणता डोंगर दिसे, सूर्य कोणत्या खिंडीतून वर येई, मागच्या सोंडेवर कुठे करवंदे आणि कुठे जांभळे. डोळे मिटून चित्र काढावे इतके पक्के. आता डोळे उघडे होते, तेही नवे, आणि मामा लाँचेच्या या कडेवरून त्या कडेवर पाहत होते. “ती खिंड… नाही. ती नव्हे. ही सोंड इतकी ठेंगणी नव्हती.” असे चार-पाच वेळा झाले. शेवटी ते गप्प बसले. कऱ्हाडची मुले उगाचच मोबाईलमध्ये पाहू लागली.

कारण उघड होते, पण माझ्या ध्यानात ते बऱ्याच वेळाने आले. मामांनी ते डोंगर पाहिले होते ते दरीच्या तळातून, मान वर करून. आज आम्ही त्याच डोंगरांच्या कमरेपाशी तरंगत होतो. वाकड्या तिकड्या ओढ्यांच्या, शेतांच्या, पायवाटांच्या खुणा होत्या त्या सगळ्या खाली गेल्या होत्या. वर उरले ते डोंगरांचे खांदे आणि माथे. ओळखीच्या माणसाला उंच माळ्यावरून पाहावे आणि नुसते टक्कल दिसावे, तसे.

दीड तासाने पलीकडे मेट इंदवलीला उतरलो. मेट म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याची पहाऱ्याची चौकी. आज तिथे पहारा वनखात्याचा. आमची नावे नोंदवून घेतली आणि मग पिशव्या उघडून आतल्या प्लास्टिकच्या वस्तू मोजल्या. जेवढ्या नेल्या तेवढ्या परत दाखवायच्या. व्यवस्था मला फार आवडली. हिला आवडली नाही, कारण तिळाच्या वड्या एका पिशवीत, दाण्याची चटणी दुसरीत, धपाटे तिसरीत, अशा हिच्या एकटीच्या अकरा पिशव्या निघाल्या. चौकीवरच्या गृहस्थाने अकरा हा आकडा लिहिताना एकदा वर पाहिले. पुढच्या खेपेला फडके आणि डबे न्यायचे, असा ठराव तिथल्या तिथे झाला. वाचक भगिनींनीही तो करावा.

कोयना अभयारण्य १९८५ साली झाले, चांदोली जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर या रानाचेही नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. इथे गवे आहेत, अस्वले आहेत, बिबटे आहेत. चिरंजीवांना यांतले काहीच दिसले नाही, पण गव्याचे शेण दिसले, आणि त्याचा फोटो शाळेत पुष्कळ फिरला.

वाट सुरू होते ती दाट रानातून. थोड्या अंतरावर एक ओढा लागतो आणि तिथे झाडाखाली गणपती आणि मारुती आहेत. पाणी इथेच भरून घ्यावे. ऐन, हिरडा, जांभूळ, अंजनी यांचे छत इतके दाट की दहा वाजले तरी उन्हाचे नुसते रुपये जमिनीवर पडलेले. वर झाडावरून शेकरू ओरडली आणि एका फांदीवरून दुसरीवर अशी झेपावली की आम्ही सगळे एका जागी थबकलो. तपकिरी-पिवळी, मांजराएवढी, आणि शेपटी अंगापेक्षा मोठी. वाटेच्या कडेला मधूनच एखादे दगडी जोते दिसे, शेवाळाने मऊ झालेले. मामा प्रत्येक जोत्यापाशी थांबत, काठीने पाला बाजूला करत, आणि पुढे चालू लागत.

ओढ्यानंतर चढ खडा होतो. पाऊण तासात मामांचा श्वास मोठा झाला. एका सपाट जागी ते बसले आणि म्हणाले, “जावईबापू, आता तुम्ही व्हा पुढं. माझं एवढंच.” हट्ट करण्यात अर्थ नव्हता. ही त्यांच्याजवळ थांबली. अकरा पिशव्यांपैकी सहा तिच्याजवळ राहिल्या, पाच आमच्याबरोबर वर गेल्या.

पुढे कारवीचे रान लागते. सात वर्षांनी एकदा फुलणारी ती हीच. पौषात नुसत्या काठ्या, पण चढताना धरायला त्याच उपयोगी. मग कातळात खोदलेल्या पायऱ्या, आणि दोन-अडीच तासांच्या एकूण चढणीनंतर आपण मारुतीसमोर येऊन उभे राहतो. या मारुतीच्या डोक्यावर छप्पर नाही. इथे एवढा पाऊस पडतो आणि हा उघड्यावर उभा, याचे चिरंजीवांना वाईट वाटले. त्यांनी आपली टोपी क्षणभर त्याच्या मस्तकावर धरली.

किल्ला तसा लहानच. महादेवाचे देऊळ, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा, वाड्याचे अवशेष. पण याच्या भिंतींनी पाहिले आहे ते लहान नाही. १६५६ साली जावळी घेतल्यावर चार वर्षांनी महाराजांनी हा किल्ला घेतला. भोवती एवढे निबिड रान, म्हणून तुरुंगाला जागा उत्तम. राजापूरच्या वखारीतले काही इंग्रज पकडले गेले तेव्हा त्यांतल्या काहींना इथे आणून ठेवले होते. पेशवाईच्या उतरत्या काळात पंतप्रतिनिधींच्या पक्षाची ताई तेलीण या किल्ल्यावर ठाण मांडून बसली आणि बापू गोखल्यांसारख्या सेनापतीला तिने सुमारे आठ महिने दाद दिली नाही. आमच्या कन्येला हा सगळ्या इतिहासात हाच भाग पटला. १८१८ च्या धामधुमीत दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबाला इथे ठेवले होते, दोन इंग्रज अधिकारीही कैदेत होते. त्या वर्षीच्या एप्रिलात इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्याच्या अंगाने तोफा लावल्या, तोफगोळ्यांनी आतल्या इमारतींना आग लागली, आणि किल्ला गेला.

तो जुना वासोटा पाहायचा तर बाबुकड्यावर जावे. मी कडे पुष्कळ पाहिले आहेत. पण इथे जमीन अशी अचानक संपते की पोटात खड्डा पडतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा धाकटा भाऊ शोभेल असा, नालेच्या आकाराचा, आत वळलेला कातळ. समोर जुन्या वासोट्याची भिंत आणि खाली कोकणाच्या दिशेने पसरत गेलेले रान. वारा खालून वर येतो. चिरंजीवांनी फेकलेले वाळके पान खाली न जाता त्यांच्याच डोक्यावरून मागे गेले. पालकांनी मुलांचा हात इथे सोडू नये. मी दोघांचे हात धरून उभा होतो आणि कन्या मला सारखी सांगत होती की ती एकोणीस वर्षांची आहे.

तिथून आम्ही किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला, काळकाईच्या ठाण्याकडे गेलो. ही उत्तरेची माची. येथून शिवसागर सगळा दिसतो. लाँचेतून पाहताना जे नुसते पाणी होते ते वरून खोरे होऊन समोर आले. कोणती सोंड कोठून निघाली, कोणत्या दोन डोंगरांमध्ये खिंड आहे, कोणता ओढा कुठे उतरत असेल, सारे हाताच्या रेषांसारखे स्पष्ट. मी पाहत राहिलो. कन्या मात्र पाहत राहिली नाही. तिने मोबाईल काढला आणि डावीकडून उजवीकडे, सावकाश, एकामागून एक फोटो घेऊ लागली. “सूर्य कोणत्या खिंडीतून येतो म्हणायचे मामाआजोबा?” तिने विचारले. मला आठवत नव्हते. चोवीस वर्षे ऐकले होते, आणि आठवत नव्हते. तिला आठवत होते.

खाली आलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. मामा आणि ही झाडाला टेकून बसली होती. हिचे डोळे लाल दिसले, पण मी विचारले नाही. ते मला रात्री घरी आल्यावर कळले. मामांनी हिला आपल्या आईची गोष्ट सांगितली होती. गाव सोडायच्या दिवशी बैलगाडीत सामान चढले, जागा संपली. जाते राहिले. आईने हट्टाने जात्याचा फक्त वरचा दगड गाडीत घालायला लावला. परळच्या खोलीत तो एकटा दगड कॉटखाली पडून असे. चाळीतल्या बाया हसत, अर्ध्या जात्यावर काय दळणार म्हणून. त्यावर ती म्हणे, “खालचा तिथं आहे ना. परत गेल्यावर लागंल.” तो दगड आजही डोंबिवलीच्या गॅलरीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी असते. आम्ही शंभरदा त्या गॅलरीत चहा प्यालो आहोत.

कन्येने मामांच्या हातात मोबाईल दिला. मामांनी चष्मा काढला, मग नको म्हणून परत घातला. पहिला फोटो, दुसरा, तिसरा. चौथ्यावर त्यांचे बोट थांबले. मग कन्येने शिकवल्याप्रमाणे दोन बोटांनी त्यांनी तो मोठा केला.

“ही खिंड,” ते म्हणाले. “इथनं सूर्य यायचा. आणि ही मागची सोंड. आता हिच्या पायथ्याला…” त्यांनी बोट सोंडेवरून खाली सरकवत आणले, आणि ते पाण्यात गेले. “इथं. इथं दार.”

परतीच्या लाँचेत त्यांनी तो फोटो नावाड्याला दाखवला. त्याने एकदा फोटोकडे आणि एकदा समोर पाहिले. “अहो, ह्याच्यावरनंच तर आलो आपण सकाळी,” तो म्हणाला. “माझी आजी त्या खिंडीला त्याच नावानं ओळखते.” थोड्या वेळाने त्याने इंजिन बंद केले. एवढा वेळ कानात बसलेली घरघर थांबली आणि लाँचेच्या बुडाला लागणारे पाणी ऐकू येऊ लागले. ऊन कलले होते. कऱ्हाडच्या मुलांनी आपापल्या टोप्या काढल्या. तसे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

मामा कडेशी सरकले. मी त्यांचे जाकीट मागून घट्ट धरले. ते वाकले, ओंजळ भरून पाणी घेतले, थोडा वेळ तसेच धरून ठेवले, आणि मग ते तोंडावरून फिरवले.

“मामा!” ही ओरडली. “डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय ना!”

“दोन महिने झाले की त्याला,” मामा म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसू लागले. ते बराच वेळ पुसत होते.

नावाड्याने इंजिन सुरू केले. बामणोलीच्या धक्क्यावर चहा मिळेपर्यंत कुणी फारसे बोलले नाही. मामांनी दोन कप घेतले, आणि नावाड्याचे पैसे त्याला देऊ दिले नाहीत.